लघवी काय सांगते आणि काय सांगत नाही : मेटाबोलाइटची गोष्ट



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. ओपीडी आवरत आली होती आणि एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा एकोणीस वर्षांचा, तालमीत राहणारा. अंग भरलेले, कान कुस्तीने चुरगळलेले. तक्रार अशी की पंधरा दिवसांपासून जेवण जात नाही, मळमळते आणि अंगाला खाज सुटते. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर डोळे पिवळे. वडील म्हणाले, "बाहेरचं पाणी प्यायला असंल." मी त्यांना रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी देऊन काउंटरवर पाठवले. ते खोलीबाहेर गेल्याबरोबर मुलगा खाली मान घालून म्हणाला, "डॉक्टर, महिन्यानं स्पर्धा आहे. गोळ्या आठ दिवसांपूर्वीच बंद केल्यात. लघवीत येतंय का हो?"

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्याच्या लिव्हरला सूज होती आणि त्याला काळजी होती तपासणीची. त्या दिवशी मी त्याला थोडक्यात उत्तर दिले. पण असा प्रश्न विचारणारा तो पहिला नव्हता. पोलीस भरतीची मुले, मर्चंट नेव्हीत किंवा आखातात नोकरीला निघालेली मुले, जिममध्ये जाणारी मुले आणि त्यांचे आईवडील, सगळे वेगवेगळ्या कारणांनी हेच विचारतात. म्हणून आज सविस्तर लिहितो. या उत्तरामागे पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

आधी कारखान्यामागे चला

आपण सातारा-सांगलीची माणसे, म्हणून उदाहरणही इथलेच घेऊ. गळीत हंगाम संपल्यावर तुम्ही साखर कारखान्यात गेलात तर गव्हाणीत ऊस दिसणार नाही. मग इथे ऊस गाळला होता हे कशावरून ओळखाल? मागच्या बाजूला पडलेल्या चिपाडाच्या ढिगावरून आणि मळीवरून. ढीग केवढा आहे यावरून किती ऊस गाळला याचा अंदाज येतो. चिपाड ओले आहे की वाळलेले यावरून कधी गाळला तेही कळते. आणि एक महत्त्वाची गोष्ट : रस्त्यावर पडलेला उसाचा तुकडा एखाद्या गाडीतून सांडलेला असू शकतो, पण चिपाड मात्र ऊस चरकातून गेल्याशिवाय तयार होत नाही.

आपल्या शरीरातला चरक म्हणजे मुख्यतः लिव्हर. आपण घेतलेली बरीचशी औषधे चरबीत विरघळणारी असतात आणि ती तशीच लघवीतून सहज बाहेर पडत नाहीत. लिव्हरमधली एन्झाइम्स आधी त्या रेणूत थोडा बदल करतात, मग त्याला पाण्यात विरघळणारा दुसरा एखादा रेणू जोडतात आणि किडनीकडे रवाना करतात. या बदललेल्या रूपांना मेटाबोलाइट म्हणतात, म्हणजे चयापचयातून तयार झालेले पदार्थ. मूळ औषध संपून गेले तरी हे पदार्थ मागे राहतात. तपासणी करणारी प्रयोगशाळा बहुतेक वेळा ऊस शोधत नाही, चिपाड शोधते.

लोबानापासून पॅरासिटामॉलपर्यंत

ही गोष्ट माणसाला पहिल्यांदा कळली ती लोबानामुळे. लोबानापासून बेंझोइक आम्ल मिळते. त्याचेच मीठ, सोडियम बेंझोएट, आज सरबताच्या बाटल्यांत टिकाऊपणासाठी घालतात. १८४१ साली लंडनमध्ये अलेक्झांडर युअर या डॉक्टरांनी दाखवून दिले की पोटात बेंझोइक आम्ल गेले की लघवीत हिप्युरिक आम्ल नावाचा वेगळाच पदार्थ येतो. पुढच्याच वर्षी जर्मनीत वोहलर यांच्या प्रयोगशाळेत केलर यांनी स्वतः ते आम्ल घेऊन आणि स्वतःची लघवी तपासून हेच सिद्ध केले. आत एक गेले आणि बाहेर दुसरे आले. शरीर ही नुसती गाळणी नाही, तो कारखाना आहे, हे इथे पहिल्यांदा स्पष्ट झाले.

पुढे १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आढळले की प्राँटोसिल हे जंतुनाशक औषध स्वतः काम करतच नाही. शरीरात त्याचे सल्फानिलामाइड होते आणि ते काम करते. १९४७ साली ब्रिटनमधील आर. टी. विल्यम्स यांनी या सगळ्या बदलांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. १९४८ मध्ये अमेरिकेत ब्रोडी आणि ॲक्सेलरॉड यांनी असिटॅनिलाइड या जुन्या ताप-वेदनेच्या औषधाचा माग काढला. माणसाच्या शरीरात त्याचा मोठा भाग ज्या पदार्थात बदलतो आणि ज्याने वेदना थांबते, तो पदार्थ होता पॅरासिटामॉल. म्हणजे तुमच्या घरातली तापाची गोळी ही मुळात दुसऱ्या एका औषधाचा मेटाबोलाइट आहे!

हे सगळे शोध औषध सुरक्षित कसे करावे यासाठी लागले. त्यांचा उपयोग चोरी पकडण्यासाठी करण्याची वेळ नंतर आली.

खाशाबांचा काळ आणि नंतरचा काळ

कराड तालुक्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या ऑलिंपिकमध्ये उत्तेजकांची तपासणी नव्हती. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सांगली जिल्ह्यातल्या कवठे पिरानचे मारुती माने आणि पुनवतचे गणपत आंदळकर यांनी सुवर्णपदके आणली, तेव्हाही नव्हती. दूध, तूप, बदाम, थंडाई आणि हजारांच्या घरातले जोर-बैठका, हा खुराक आणि ही मेहनत आपल्या भागाने डोळ्यांनी पाहिलेली आहे.

पण याच दहा वर्षांत जग बदलत होते. १९५८ मध्ये सिबा या स्विस कंपनीचे मेथँडाइनोन अमेरिकेच्या बाजारात आले. डायनाबॉल हे त्याचे व्यापारी नाव. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची गोळी तोंडाने घेतली तर लिव्हर ती पहिल्याच फेरीत निकामी करते. म्हणून रसायनतज्ज्ञांनी त्या रेणूला एक मिथाइल गट जोडला, जेणेकरून लिव्हरला तो लवकर मोडता येऊ नये. गोळी टिकली, पण तिचा त्रास लिव्हरला सोसावा लागला. माझ्या समोर बसलेल्या त्या मुलाचे पिवळे डोळे या मिथाइल गटाचीच देणगी होती.

ऑलिंपिकमध्ये तपासणी सुरू झाली ती १९६८ साली, ग्रेनोबल आणि मेक्सिको सिटी इथे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मान्फ्रेड डोनिके या जर्मन रसायनतज्ज्ञांनी (ते स्वतः पूर्वी सायकलपटू होते) गॅस क्रोमॅटोग्राफचा पद्धतशीर वापर केला. पण स्टिरॉइडसाठी खात्रीची पद्धत अजून हाती नव्हती. ती वापरली गेली १९७६ मध्ये माँट्रियलला.

ही यंत्रे काय करतात? गॅस क्रोमॅटोग्राफ लघवीतल्या पदार्थांना रांगेत उभे करतो, प्रत्येकजण आपापल्या वेळी बाहेर पडतो. मास स्पेक्ट्रोमीटर त्या प्रत्येकाचे तुकडे करून तुकड्यांची वजने मोजतो. तुकड्यांचा हा नमुना प्रत्येक रेणूचा जणू अंगठ्याचा ठसा. वेळ आणि ठसा दोन्ही जुळले तरच "सापडले" असे म्हणतात.

"कुणीतरी प्यायच्या पाण्यात मिसळले"

२४ सप्टेंबर १९८८. सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा बेन जॉन्सन १०० मीटर ९.७९ सेकंदात धावला आणि तीन दिवसांत त्याचे सुवर्णपदक काढून घेतले गेले. त्याच्या लघवीत स्टॅनोझोलॉल या स्टिरॉइडचे मेटाबोलाइट सापडले होते. त्याच्या बाजूने सांगण्यात आले की शर्यतीनंतर कुणीतरी त्याच्या पेयात काहीतरी मिसळले. त्यावर डोनिके यांनी त्याच्या शरीरातील नैसर्गिक हार्मोनची स्थिती समोर ठेवली. बाहेरून बराच काळ स्टिरॉइड घेतले की शरीर स्वतःचे हार्मोन बनवणे कमी करते. एका घोटाने असे होत नाही. पुढच्या वर्षी कॅनडातल्या चौकशी आयोगासमोर जॉन्सनने स्टिरॉइड घेत असल्याचे कबूल केले.

वाचकहो, हा मुद्दा लक्षात ठेवा. "काय सापडले" यानंतरचा प्रश्न असतो "किती आणि कसे सापडले".

त्यानंतर खेळाडूंनी एक युक्ती काढली : स्पर्धेच्या पुरेसे आधी गोळ्या थांबवायच्या. त्यावर विज्ञानाने उत्तर दिले. काही मेटाबोलाइट दोन-चार दिवसांत निघून जातात, तर काही अतिशय कमी प्रमाणात, पण रेंगाळत बाहेर पडत राहतात. त्यांना दीर्घकाळ टिकणारे मेटाबोलाइट म्हणतात. २००६ मध्ये कोलोनच्या प्रयोगशाळेतील शेन्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेथँडाइनोनचा असा एक मेटाबोलाइट शोधला. फक्त ५ मिलिग्रॅमची एकच मात्रा घेतल्यानंतर तो १९ दिवसांपर्यंत लघवीत दिसला. आठवडेच्या आठवडे गोळ्या घेणाऱ्याची गोष्ट तर वेगळीच. बीजिंग २००८ आणि लंडन २०१२ च्या जपून ठेवलेल्या बाटल्या २०१६ च्या सुमारास नव्या पद्धतींनी पुन्हा तपासल्या, तेव्हा अनेकांची पदके आठ आठ वर्षांनी परत गेली. गोठवलेल्या बाटलीतले चिपाड वाळत नाही.

नरसिंगचे प्रकरण

आता आपल्या घरातली गोष्ट. नरसिंग यादव मूळचा उत्तर प्रदेशचा, पण मुंबईत वाढलेला आणि महाराष्ट्र पोलिसांत अधिकारी. २०११, २०१२ आणि २०१३ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून त्याने ७४ किलो गटात भारताला रिओ ऑलिंपिकची जागा मिळवून दिली. त्या जागेवर कोणी जायचे याचा वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल नरसिंगच्या बाजूने लागला.

मग २५ जून २०१६ रोजी त्याच्या लघवीचा नमुना घेतला गेला. त्यात मेथँडाइनोनचे मेटाबोलाइट सापडले. ५ जुलैच्या नमुन्यातही सापडले. खेळाडूचा नमुना दोन बाटल्यांत, 'ए' आणि 'बी', सीलबंद करतात. 'बी' बाटलीनेही तेच सांगितले. नरसिंगचे म्हणणे होते की सोनीपतच्या शिबिरात आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी हे मिसळले. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, शिस्तपालन समितीने १ ऑगस्टला ते मान्य करून त्याला निर्दोष ठरवले आणि तो रिओला गेला.

जागतिक संस्था वाडाने मात्र क्रीडा लवादाकडे दाद मागितली. तिथे माँट्रियलच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख क्रिस्तियान अयोत यांचे तज्ज्ञ मत मांडले गेले. पहिल्या नमुन्यातले प्रमाण एवढे मोठे होते की ते पाण्यात भुकटी मिसळलेल्या पेयातून आले असे दिसत नाही, एक-दोन गोळ्या पोटात गेल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. १८ ऑगस्टला, म्हणजे कुस्तीच्या आदल्या दिवशी, लवादाने निकाल दिला. मिसळल्याचा पुरेसा पुरावा नाही आणि गोळीच्या रूपात एकाहून अधिक वेळा घेतले असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, असे म्हणून चार वर्षांची बंदी घातली. नरसिंगने आपला दावा सोडला नाही. २०२० मध्ये तो पुन्हा मॅटवर आला, पण ऑलिंपिक हातून गेले ते गेलेच.

त्या वेळी आपल्याकडे चौकाचौकात दोन तट पडले होते. आजही पडतील. डॉक्टर म्हणून मी एवढेच सांगेन. लघवीने तीन गोष्टी सांगितल्या : पदार्थ कोणता, तो शरीरातून गेला आहे, आणि साधारण किती. गोळी तोंडात कोणाच्या हाताने गेली हे लघवी सांगू शकत नाही. चिपाड पाहून ऊस कोणाच्या शेतातला होता हे कळत नाही, तसेच. त्या प्रश्नाचा निकाल नियमाने लागतो आणि नियम असा आहे की आपल्या शरीरात काय जाते याची जबाबदारी खेळाडूची. ते कसे गेले हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच.

अनारसे आणि नोकरी

आता वाचणाऱ्या आयाबहिणींसाठी. दिवाळीत अनारशाला आपण खसखस लावतो. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. त्या बियांवर मॉर्फिन आणि कोडीनचा अंश लागलेला असतो. तो नशा येण्याइतका नसतो, पण भरपूर खसखस खाल्ल्यावर लघवीच्या तपासणीत मॉर्फिन दिसू शकते. अमेरिकेत नोकरीच्या तपासणीत पूर्वी एका मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमची मर्यादा होती. खसखशीमुळे निरपराध माणसे अडकू लागली म्हणून १९९८ मध्ये ती २००० करण्यात आली.

खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, त्याचेही लिव्हरमध्ये थोडे मॉर्फिन होते. मग हेरॉइन घेणारा आणि अनारसे खाणारा यांत फरक कसा करायचा? इथेही मेटाबोलाइटच मदतीला येतो. हेरॉइनचे शरीरात आधी ६-मोनोअसिटिलमॉर्फिन होते आणि मग मॉर्फिन. हा मधला टप्पा खसखशीतून किंवा कोडीनमधून कधीच येत नाही. तो सापडला तर हेरॉइन आहेच. मात्र तो काही तासच टिकतो, म्हणून तो सापडला नाही तर "नव्हतेच" असेही म्हणता येत नाही.

म्हणजे मेटाबोलाइट फक्त पकडत नाही, सोडवतोही. आणि एक व्यावहारिक सूचना : आखातात जाणाऱ्या मुलाच्या डब्यात अनारसे किंवा खसखस देऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणे हाच गुन्हा आहे.

आपल्या जिल्ह्यांत आज

एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा साताऱ्यात झाली. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली आणि गदा सांगलीच्याच मुलीने मिळवली. ही आपली एक बाजू. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कुपवाड आणि कवठेमहांकाळ तालुक्यातले इरळी ही गावे एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोनच्या, साठ्यांमुळे आणि कारखान्यामुळे राज्यभर गाजली. ही दुसरी बाजू.

मेफेड्रोनही लिव्हरमधून जाते आणि नॉरमेफेड्रोनसारखे मेटाबोलाइट मागे सोडते. परंतु दुकानात मिळणाऱ्या साध्या पट्ट्या बहुधा ठरावीक चार-पाच गटांसाठीच असतात, त्यांत ते नसते. मुलाची पट्टी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका आणि पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच हात उगारू नका. पट्टी ही फक्त प्राथमिक चाळणी आहे. सर्दीच्या साध्या औषधानेही ती फसू शकते. खात्री मास स्पेक्ट्रोमीटरनेच होते.

तालमी आणि जिममध्ये आणखी एक इंजेक्शन फिरते, मेफेंटरमाइन. भूल दिल्यावर रक्तदाब एकदम उतरला तर तो वर आणण्यासाठी ऑपरेशन थिएटरमध्ये ते वापरतात. शरीरात त्याचे फेंटरमाइन होते आणि स्पर्धेच्या काळात दोन्हींवर बंदी आहे. त्याने दम वाढल्यासारखा वाटतो, पण हृदयावर चाबूक ओढला जातो. सवय लागते ती वेगळीच.

तुम्ही काय करावे

खेळाडू असाल तर कोणतेही औषध लिहून घेताना डॉक्टरांना आधी सांगा की तुमची तपासणी होऊ शकते. चिठ्ठी जपून ठेवा. लेबल नसलेली पावडर, "वस्तादांच्या ओळखीची" गोळी, डब्यातून सुटी मिळणारी कॅप्सूल घेऊ नका. नोकरीची तपासणी असेल तर गेल्या काही दिवसांत घेतलेली सर्व औषधे फॉर्मवर लिहा. निकालाबद्दल शंका असेल तर पुष्टीची तपासणी मागा. पालकांनी प्रश्न विचारताना आवाज खाली ठेवावा. आवाज चढला की मुलगा खरे सांगायला माझ्याकडेही येत नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर असे होते : "होय, येण्याची शक्यता आहे. पण तू चुकीच्या कारखान्याची काळजी करतोयस. लघवीतलं चिपाड आज ना उद्या संपेल. चरक मोडला तर दुसरा मिळत नाही."

तो बराच वेळ गप्प बसला. मग स्वतःच उठला, बाहेर गेला आणि काउंटरवर उभ्या असलेल्या वडिलांना सगळे सांगितले. त्या वर्षी तो स्पर्धेत उतरला नाही. बिलिरुबिन नॉर्मल व्हायला अडीच महिने लागले. परवा तो पुन्हा आला होता, खांदा दुखावला म्हणून. मी वेदनाशामक लिहायला घेतले तर म्हणाला, "डॉक्टर, आधी बघा, यादीत नाही ना?"

मी यादी उघडून त्याच्यासमोर पाहिली आणि मगच लिहिले.